बाळ मान कधी धरेल? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

बाळाला दोन महिने झाले की घरी येणारं प्रत्येक माणूस विचारतं, "मान धरली का?" या वेळच्या पत्रांतही तोच विषय निरनिराळ्या अंगांनी आला आहे, म्हणून हे सदर पूर्णपणे बाळाच्या मानेसाठी ठेवलं आहे. बालरोगतज्ज्ञ आणि लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्ट अशा दोघांनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत.

उत्तरांआधी एक गोष्ट सांगायला हवी. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असतं. एवढं जड डोकं एकटी मान पेलू शकत नाही. बाळ कोपरांवर भार घेऊन छाती उचलायला लागतं, खांदे आणि पाठ घट्ट होतात, तेव्हा मानेला खाली टेकू मिळतो. मानेला तेल चोळून किंवा मान इकडेतिकडे फिरवून हे काम होत नाही. पुढच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

प्रश्न : माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. पालथं घातलं की दोन मिनिटांत रडायला लागते. सासूबाई म्हणतात, रडतेय तर कशाला घालतेस, मान काय आपोआप येईल. काय करू? — एक आई, चिंचवड

सासूबाईंचा कळवळा बरोबर आहे, रडत्या बाळाला पालथं ठेवू नयेच. पण पालथं घालणं सोडूही नका. बहुतेक वेळा रडण्याचं कारण पालथं घालणं हे नसतं, ते कधी आणि कसं घातलं यात असतं.

आधी वेळ बघा. दूध पाजल्यावर किमान अर्धा तास जाऊ द्या. भरल्या पोटावर दाब आला की दूध वर येतं, घशाशी जळजळतं आणि बाळाला ती स्थितीच नकोशी होते. झोपेला आलेलं किंवा भुकेलेलं बाळही रडणारच. दुपटं बदलल्यावर बाळ जागं आणि खुशीत असतं, ती वेळ उत्तम. प्रत्येक दुपट्यानंतर एक मिनिट असं धरलं तरी दिवसात आठ-दहा मिनिटं सहज होतात.

मग जागा. मऊ गादीवर कोपरं रुततात, जोर लावायला काही सापडत नाही, शिवाय नाक गादीत जायचा धोका असतो. जमिनीवर सतरंजी आणि वर घट्ट शिवलेली एकपदरी गोधडी पुरे. अंगात जाड स्वेटर आणि डोक्यावर सरकणारं टोपडं असेल तर काढून ठेवा.

घालण्याची पद्धत अशी : बाळाला उताण्यावरून थेट उलटं करू नका. आधी कुशीवर वळवा, खालचा हात डोक्याच्या बाजूला पुढे घ्या, मग हळूच पालथं करा. अडकलेला हात हे रडण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. दोन्ही कोपरं खांद्यांच्या खाली किंवा किंचित पुढे आणून द्या. कोपरं मागे बरगड्यांपाशी राहिली, तर बाळ पोटावर तरंगल्यासारखं होतं आणि डोकं उचलायला त्याला काहीच आधार मिळत नाही. तरीही जमत नसेल तर पंचाची चार बोटं जाडीची गुंडाळी करून काखांच्या खाली, छातीखाली आडवी ठेवा, हात गुंडाळीच्या पुढे. त्याहून जाड नको, नाहीतर मान मागे मोडल्यासारखी होते. एका हाताचा तळवा बाळाच्या ढुंगणावर हलकेच टेकवून ठेवा. वजन मागे गेलं की पुढचा भाग उचलायला सोपा जातो. या एका युक्तीनं बरीच बाळं शांत होतात.

तुम्ही स्वतः समोर आडव्या व्हा, तुमचा चेहरा बाळाच्या चेहऱ्यापासून वीतभर-दीड वीत अंतरावर असू द्या. या वयात बाळाला तेवढ्या अंतरावरचं नीट दिसतं. खुळखुळा उंच धरू नका. फार वर बघायला लावलं की बाळ कोपरांवर भार घ्यायचं सोडून पाठ ताणून मान मागे फेकतं. खेळणं जमिनीलगत ठेवा आणि डावी-उजवीकडे हळू सरकवा.

कपाळ टेकलं, नाक घासायला लागलं, कुरकुर सुरू झाली, की थांबा. रडून दमेपर्यंत वाट बघू नका. जमिनीवर अजिबात चालतच नसेल तर तुम्ही अर्धवट रेलून बसा आणि बाळाला तुमच्या छातीवर पालथं घ्या. तुम्ही जितक्या जास्त उभ्या बसाल तितकं बाळाचं काम सोपं, जितक्या आडव्या व्हाल तितकं कठीण. रोज थोडं थोडं आडवं होत जा. मांडीवर आडवं पालथं घेणं, किंवा बाळाचं पोट तुमच्या हातावर आणि डोकं कोपराच्या घडीत असं पालथं धरून घरात फिरणं, हेही हिशेबात धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार, अजून रांगत नसलेल्या बाळाचा जागेपणीचा पालथा वेळ दिवसभरात मिळून किमान 30 मिनिटं हवा. तो एकदम गाठायचा नाही. पहिल्या आठवड्यांत एका वेळी एक-दोन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, मग वाढवत न्या.

आणि हे सगळं फक्त बाळ जागं असताना, कोणीतरी जवळ बसलेलं असताना. पालथं असतानाच डोळा लागला तर लगेच उताणं करा. पहिलं वर्षभर झोप उताणीच.

प्रश्न : मालीश करणाऱ्या मावशी बाळाला पायाला धरून उलटं लोंबकळवतात, दोन्ही हात धरून वर उचलतात आणि मानेला तेल लावून "मान बसवतात". बाळ दीड महिन्याचं आहे. घरात सगळे म्हणतात, तुम्हीही असेच वाढलात. — बाळाचे वडील, सांगली

मालीश चालू ठेवा, या तीन गोष्टी आजपासून बंद करा. मावशींना तोंड देणं अवघड जातं, म्हणून कारणांसह लिहितो. हे उत्तरच त्यांना वाचून दाखवा.

दीड महिन्यांच्या बाळाच्या मानेचे सांधे सैल असतात, त्यांना धरून ठेवणारे स्नायू अजून जोर धरत नाहीत. उलटं लोंबकळवताना किंवा झोका देताना डोक्याचं सगळं वजन त्या मानेवर येतं. जोरात हिसका बसला तर कवटीच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या तुटून मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो. बाळाला गदागदा हलवणं, हवेत उडवून झेलणं, हेही याच कारणासाठी वर्ज्य. हात धरून उचलल्यानं कोपराचं हाड जागेवरून सरकू शकतं, मग बाळ तो हात हलवत नाही आणि हात लावला की किंचाळतं. मान "बसवणं" असं काही नसतंच, कारण ती निखळलेली नसते. टाळू दाबून भरणं आणि डोकं गोल करायला कवटी दाबणं हेही नको. टाळूवर तेलाचा हलका हात फिरवला तर हरकत नाही. ती साधारण नऊ ते अठरा महिन्यांत आपली आपण भरते.

आपल्याकडच्या जुन्या अंघोळीत एक अतिशय चांगली गोष्ट मात्र आहे. पाटावर पाय पसरून बसायचं, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं आणि पाठीवर पाणी घालायचं. हीच पालथं घालण्याची उत्तम स्थिती आहे! मावशींना सांगा, अंघोळीआधी पाठीला तेल लावताना बाळाला असंच पायांवर पालथं ठेवा, कपाळाखाली एक हात असू द्या आणि ते स्वतः डोकं उचलतं का बघत एक-दोन मिनिटं जाऊ द्या. खोबरेल तेल चालेल. नाकात, कानात, बेंबीत तेल घालायचं नाही. मालीशची दिशा कशीही असो, जोर इतकाच की बाळ हसत किंवा शांत राहील. मालीश करताना रोजच बाळ रडून लाल होत असेल तर जोर जास्त आहे.

प्रश्न : बाळानं मान धरली की नाही, हे घरी कसं ओळखायचं? — वाचक, जळगाव

लसीच्या तारखांना जोडून बघा, विसरणार नाही. सरकारी वेळापत्रकात लसी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात.

सहा आठवड्यांच्या सुमारास पालथं घातल्यावर बाळानं हनुवटी क्षणभर जमिनीवरून उचलावी आणि नाक एका बाजूकडून दुसरीकडे फिरवावं. दहा आठवड्यांना डोकं काही सेकंद वर टिकतं, डुलतं आणि खाली येतं. चौदा आठवड्यांना बरीच बाळं कोपरांवर छाती उचलतात आणि खांद्याशी उभं धरल्यावर डोकं बऱ्यापैकी सावरतात. चार महिने पूर्ण झाल्यावर उभं धरलेलं असताना डोकं आधाराशिवाय स्थिर राहायला हवं.

उताण्या बाळाला खांद्यांपाशी धरून हळूच बसतं करताना डोकं किती मागे राहतं, ही डॉक्टरांची जुनी चाचणी आहे. नवजात बाळाचं डोकं पूर्ण मागे पडतं, चार महिन्यांना थोडंसंच मागे राहतं, पाच महिन्यांना धडाबरोबर सरळ येतं. घरी ही चाचणी व्यायाम म्हणून पुन्हा पुन्हा करू नका, लसीच्या वेळी डॉक्टरांना करायला सांगा. मुदतीत जन्मलेल्या बाळाची मान चार महिन्यांनंतरही स्थिर नसेल तर दाखवून घ्या. सहा महिन्यांनाही बसतं करताना डोकं मागे लटकत असेल तर "आमच्याकडे सगळीच उशिरा मान धरतात" हे ऐकून थांबू नका.

प्रश्न : मुलगा 32 आठवड्यांना जन्मला, तीन आठवडे काचेच्या पेटीत होता. आता पाच महिन्यांचा आहे, पण मान डुलते. शेजारचं बाळ याच वयाचं, ते पालथं पडायला लागलं. — आई, परभणी

तुमच्या बाळाचं वय मोजायला एक वजाबाकी करायची आहे. गर्भाचे पूर्ण दिवस 40 आठवडे धरतात, तुमचा मुलगा आठ आठवडे आधी आला. पाच महिने म्हणजे साधारण 22 आठवडे, त्यातून आठ गेले की 14 उरतात. म्हणजे वाढीच्या दृष्टीनं तो सव्वातीन महिन्यांचा आहे. त्या वयाला मान थोडी डुलणं चालतं. ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंत करत राहा. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

लवकर जन्मलेल्या बाळांची एक अडचण वेगळी असते. पोटातले शेवटचे आठवडे बाळ दुमडून, घडी करून असतं आणि त्यानं हातपाय पुढे आणायची सवय लागते. ते आठवडे हुकलेली बाळं हातपाय बेडकासारखे बाजूला टाकून, खांदे मागे ओढून पडतात. खांदे मागे राहिले की पालथं घातल्यावर कोपरं पुढे येत नाहीत. म्हणून याला जागेपणी कुशीवरही ठेवा, पाठीला दुपट्याच्या गुंडाळीचा टेकू द्या आणि दोन्ही हात तोंडासमोर येतील असं बघा. आपल्या हातांकडे बघणं, ते तोंडात घालणं हीच त्याची तयारी आहे. कुशीवर फक्त तुमच्या नजरेसमोर, झोपताना उताणंच.

दुसरं, डोळे. 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांच्या नेत्रपटलाची तपासणी जन्मानंतर महिनाभरात व्हायला हवी असते. झाली नसेल तर उद्याच करून घ्या. आता पाच महिने झाले असले तरी जा. मानेच्या सदरात डोळ्यांचा विषय कशाला, असं वाटेल, पण बाळ डोकं उचलतं ते काहीतरी बघायचं म्हणून. ज्याला दिसत नाही त्याला उचलायचं कारणच नसतं. तसंच कानांची तपासणीही राहिली नाही ना, बघा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं चालतात. तिथे फिजिओथेरपी आणि वाढीची तपासणी मोफत होते. तुमच्या आशाताईंना विचारा, त्या पाठवण्याची व्यवस्था करतात. सुट्टी मिळाल्याचा कागद सोबत न्या. बाळ जन्मल्यावर उशिरा रडलं होतं का, कावीळ किती वाढली होती, झटके आले होते का, हे त्यावर असतं आणि तपासणाऱ्याला तेच आधी हवं असतं.

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचं, नेहमी डावीकडेच बघतं. डोकं मागून एका बाजूला चपटं झालंय. आजीनं मोहरीची उशी शिवून दिली, पण फरक नाही. — आई, ठाणे

उशी काढून ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला कोणतीच उशी नको. उशीवर हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, शिवाय शिवण उसवली तर मोहरीचे दाणे नाकातोंडात जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2022 मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका असा इशारा दिला आहे.

खरा प्रश्न चपट्या डोक्याचा नाही, डोकं एकाच बाजूला का वळतं याचा आहे. कानामागून गळ्याच्या हाडाकडे येणारा जाड स्नायू एका बाजूनं आखडला, की डोकं त्याच बाजूला कलतं आणि चेहरा उलट बाजूला वळतो. उजवा स्नायू आखडलेल्या बाळाचा उजवा कान खांद्याकडे झुकतो आणि नजर डावीकडे राहते. तुमच्या वर्णनाशी हे जुळतं. काही बाळांच्या त्या स्नायूत जन्मानंतर दोन ते चार आठवड्यांत सुपारीएवढी टणक गाठ लागते. ती चोळून जिरवायची नसते. बहुतेक गाठी ताण देण्याच्या व्यायामांनी आणि काळानं विरघळतात.

या आठवड्यातच फिजिओथेरपिस्टकडे जा. तीन महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, उशीर होईल तसा वेळ वाढतो. ताण कसा द्यायचा हे हाताला हात लावून शिकावं लागतं, लिहून सांगण्यासारखं नाही. दोन्ही खुब्यांचीही तपासणी करायला सांगा. मान आखडलेल्या काही बाळांचा खुबाही सैल असतो.

तोवर घरी एवढं करा : पाळण्यात बाळाची दिशा अशी ठेवा की दार, खिडकी, माणसांची वर्दळ त्याच्या उजवीकडे येईल. बोलायचं, खुळखुळा वाजवायचा तो उजवीकडून. बाळ सवयीनं एकाच स्तनाकडे सहज वळतं, दुसरीकडे कुरकुरतं. तिथे धीर धरून दोन्हीकडे पाजा. आणि पालथं घाला, कारण त्या वेळी डोक्याच्या चपट्या भागावर भारच येत नाही.

प्रश्न : जावेचं बाळ दीड महिन्यातच मान ताठ धरतं, सगळे कौतुक करतात. माझं तेवढ्याच वयाचं, पण सैलच. — वाचक, कोल्हापूर

दीड महिन्याला मान सैल असणं हेच अपेक्षित आहे, तुमची काळजी सोडा. उलट "ताठ" या शब्दाकडे थोडं लक्ष द्यायला हवं. ते बाळ पालथं घातल्यावर डोकं उचलून दोन्हीकडे वळवत असेल, मांडीवर सैल होऊन झोपत असेल, तर छान आहे. पण उचलल्यावर धनुष्यासारखं मागे वळत असेल, लंगोट बदलताना मांड्या बाजूला करायला जोर लागत असेल, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील, तीन महिन्यांनंतरही अंगठा मुठीत कोंबलेला असेल, तर ती ताकद नाही. स्नायूंतला ताठरपणा आहे आणि तो मेंदूकडून येतो. कौतुकात असे आठवडे निघून जातात, म्हणून जावेला हे हळुवारपणे सांगा.

प्रश्न : आमचं घर पूर्ण शाकाहारी. मुलगी आठ महिन्यांची, अंगावरच पिते, वरचं नीट खात नाही. आधी मान धरायची, बसायलाही लागली होती. महिनाभरात सुस्त झाली, हसत नाही, मान कलंडते, हात थरथरतात. — आई, जालना

हे पत्र छापून येईपर्यंत थांबायला नको होतं, म्हणून आम्ही तुम्हाला आधीच कळवलं आहे. इथे इतरांसाठी लिहितो.

आलेली मान जाणं हे कधीही, कोणत्याही वयात, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं लक्षण आहे. या वर्णनात पहिला संशय ब12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. ब12 नैसर्गिकपणे फक्त प्राणिजन्य अन्नात असतं. दूध-दही कमी घेणाऱ्या शाकाहारी आईच्या शरीरात ते कमी असेल तर तिच्या दुधातही कमी उतरतं, आणि बाळाचा जन्माचा साठा काही महिन्यांत संपतो. बाळ गुबगुबीत दिसत असलं तरी फिकट, मंद, सैल होतं, बोटांची पेरं काळवंडतात, केस विरळ आणि भुरे होतात, मग थरथर सुरू होते. रक्ताच्या तपासणीत कळतं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर बाळाची नजर आणि हसू काही दिवसांतच परतायला लागतं, मान आणि बसणं यायला जास्त वेळ लागतो. उशीर झाला तर मेंदूची हानी मागे राहू शकते. आईचीही तपासणी आणि उपचार हवेतच, आणि यात आईचा काहीही दोष नाही. गरोदरपणात रक्त तपासताना ब12 बघून घेणं शाकाहारी घरांत फार उपयोगी ठरतं.

याच वयात आणखी एक गोष्ट मानेचा अशक्तपणा म्हणून निसटते. झोपेतून उठताना बाळाची मान झटक्यानं पुढे झुकते, हात क्षणभर फाकतात, काही सेकंदांनी पुन्हा तसंच, असे झटके ओळीनं येतात. हा अपस्माराचाच (फिटचा) एक प्रकार असू शकतो, आणि ती तातडीची बाब आहे. मोबाइलवर चित्रीकरण करा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मान धरल्यावर उशा लावून बसवलं आणि वॉकरमध्ये ठेवलं तर बाळ लवकर पुढे जाईल का? — बाबा, मडगाव

नाही. उशांत बसवलेलं बाळ पाठीचं पोक काढून रेलतं, पाठ काहीच काम करत नाही. वॉकरनं चालणं लवकर येत नाही, पायऱ्यांवरून पडणं आणि गरम भांड्यांपर्यंत पोचणं मात्र लवकर येतं. कॅनडानं 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. चटई आणि मोकळी जमीन, एवढंच पुरेसं आहे.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं. माहेरी जायला दुचाकीवर तासभर लागतो. मान धरलीय, मग नेलं तर? — आई, बारामती

घरात उभं धरल्यावर मान स्थिर राहणं आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर धक्के सोसणं यात फार अंतर आहे. ब्रेक लागला की डोकं पुढे जातं आणि लगेच मागे फेकलं जातं. चार महिन्यांची मान ते थांबवू शकत नाही. नियमानं दुचाकीवर हेल्मेट 9 महिन्यांपासून सांगितलं आहे, त्याआधी हेल्मेटचं वजनच मानेला पेलत नाही. एसटीनं किंवा रिक्षानं जा. बाळाला छातीशी उभं धरा, एक हात ढुंगणाखाली, दुसऱ्याचा पंजा डोक्याच्या मागे आणि मानेखाली. छातीला बांधायच्या झोळीत घेतलंत तर हनुवटी आणि छाती यांत दोन बोटं शिरतील एवढी जागा राहते का, चेहरा दिसतो का, हे दर थोड्या वेळानं बघा. बाळ झोपलं की मान पुढे लोंबते, तेव्हा जास्त लक्ष द्या.